बाणेरच्या फ्लॅटमध्ये पाळणाघर: लायसन्सच्या आधी जिना मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाणेरला दुसऱ्या मजल्यावर स्वतःचा थ्री बीएचके आहे, आयटीतली नोकरी सोडली आहे आणि 6 महिने ते 6 वर्षं वयाच्या 25 मुलांचं पाळणाघर काढायचंय. एक एजंट 'पाळणाघराचं लायसन्स' काढून देतो म्हणतोय आणि 45,000 रुपये मागतोय. द्यावेत का? माणसं किती ठेवावीत, पैसे किती सुटतात, आणि फ्रँचायझी घेतली तर हे सगळं सोपं होईल का?

एजंटाला पैसे देऊ नका. बाकीचं उत्तर लांबणार आहे, पण एवढं आधीच सांगून टाकते. आजच्या घडीला पुण्यात 'पाळणाघराचं लायसन्स' नावाचा एकच कागद देणारं एकच ऑफिस नाही. तो माणूस तुमच्या हातात बहुतेक दोन गोष्टी ठेवेल: शॉप अ‍ॅक्टची पोच, जिला लोक अजून गुमास्ता म्हणतात, आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंद. दोन्ही घरबसल्या होतात. उद्यमला एक रुपयाही लागत नाही. आणि शॉप अ‍ॅक्टची छोट्या आस्थापनांना मिळते ती पोच असते, परवाना नव्हे. अमुक पत्त्यावर अमुक धंदा सुरू केल्याचं तुम्ही सरकारला कळवलंत, एवढाच तिचा अर्थ. तुमची जागा मुलांना ठेवायच्या लायकीची आहे असं त्या कागदावर कुणीही म्हटलेलं नसतं. बँकेत चालू खातं उघडायला मात्र तो लागतो, म्हणून काढाच.

पण लायसन्स नाही म्हणजे मोकळं रान, असा अर्थ काढलात तर महागात पडेल. नियम आहेत, फक्त ते पाच ठिकाणी विखुरलेले आहेत, आणि सगळं सुरळीत चाललंय तोवर कुणी विचारत नाही. काही घडलं की मग पाचही बाजूंनी एकदम विचारणा होते. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2018 मध्ये पाळणाघरांसाठी किमान निकष काढले. ते मुळात कंपन्यांना द्याव्या लागणाऱ्या पाळणाघरांसाठी आहेत, पण उद्या तुमच्याकडे बोट दाखवायची वेळ आली तर मोजपट्टी तीच लावली जाईल. 3 ते 6 वयाच्या खासगी बालवाड्यांसाठी राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि 2025 मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने याच वयोगटाच्या खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंद करायला सांगितलंय. तेव्हा बोर्डावर 'नर्सरी', 'ज्युनिअर केजी' असे शब्द रंगवणार असाल तर ते काम आधी उरका.

बाल न्याय कायद्याखाली नोंदणी करायची का, असंही पुष्कळ जणी विचारतात. ती नोंदणी ज्यांना घर नाही, ज्यांना काळजी आणि संरक्षणाची गरज आहे अशी मुलं ठेवून घेणाऱ्या संस्थांसाठी असते. संध्याकाळी आईच्या स्कूटरवर बसून घरी जाणाऱ्या मुलांसाठी नाही. मात्र त्याच 2015 च्या कायद्याचं कलम 75 वाचून ठेवा. ज्या संस्थेवर मूल सोपवलंय, तिच्या कर्मचाऱ्याने किंवा चालकाने मुलाला क्रूरपणे वागवलं तर 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाखांपर्यंत दंड आहे. 2016 साली खारघरच्या एका पाळणाघरात मुलीला मारहाण झाल्याचं सीसीटीव्हीत दिसलं, तेव्हा राज्यभर आम्हा सगळ्यांकडे पालक फुटेज मागायला आले होते. ते योग्यच होतं.

आता तुमच्या 25 च्या आकड्याकडे येते, कारण खरी गडबड तिथे आहे. निकषांत दर मुलामागे किमान 10 ते 12 चौरस फूट जागा धरली आहे. 25 ला 12 ने गुणलं की 300 चौरस फूट होतात. तुमचा हॉल आणि मास्टर बेडरूम त्यात आरामात बसतात, आणि लोक इथेच खूश होऊन फर्निचर मागवतात. मी जागेवरून आकडा काढत नाही. मी जिन्यावरून काढते.

असं समजा, दुपारचे दीड वाजलेत. सगळी मुलं झोपलीत, पडदे ओढलेत. खालच्या मजल्यावरच्या मीटरच्या पेटीतून धूर यायला लागला आणि लिफ्ट बंद पडली. दीड वर्षाच्या आतलं मूल उचलूनच न्यावं लागतं. झोपेतून उठवलेलं दोन-अडीच वर्षांचं मूलही चालत नाही, ते तिथेच बसून रडतं. एक मावशी दोन्ही काखांत दोन मुलं घेऊ शकते, पण तिला कठडा धरायचा असेल तर एकच. तीन वर्षांच्या पुढची मुलं दोरीला धरून एका ताईबरोबर, म्हणजे शिकवणाऱ्या बाईंबरोबर, ओळीने उतरतात, तीसुद्धा तशी सवय लावली असेल तर. हा हिशेब तुमच्या दुसऱ्या मजल्यावर मांडून बघा. 25 मुलं आणि 4 मोठी माणसं असतील तर कुणीतरी वर राहतं. मुलं वर आणि माणूस खाली, पुन्हा वर धाव, असली कसरत धुराने भरलेल्या जिन्यात होत नाही.

म्हणून तुमच्या जागेला माझा आकडा 12 आहे. त्यात दोन वर्षांखालची 4 च्या वर नकोत, आणि मोठी माणसं तुम्हाला धरून 5. सरकारी निकषांत 3 वर्षांखालच्या 10 मुलांमागे एक प्रशिक्षित कार्यकर्ती आणि एक मदतनीस, तर त्यावरच्या 20 मुलांमागे तशीच जोडी धरली आहे. ते किमान आहे, आणि तळमजल्यावरच्या ऐसपैस जागेत ते कदाचित निभतही असेल. मी स्वतः दीड वर्षाखालच्या 3 बाळांमागे एक मावशी धरते, तीन वर्षांपर्यंत 5 मागे एक, आणि त्यापुढे 8 ते 10 मागे एक. तळमजल्यावर, मागेपुढे दोन दारं असलेला रो हाउस किंवा जुना बंगला मिळाला तर 25 चा विचार करू. कर्वेनगर, कोथरूडमध्ये असे बंगले अजून भाड्याने मिळतात, बाणेरात शोधावे लागतील.

सुरू करायच्या आधी एकदा खरोखर उतरून बघा. ऐन दुपारी, सगळ्या मावशांना घेऊन, बाळाच्या वजनाच्या तांदळाच्या पिशव्या उचलून. घड्याळ लावा. ज्या मावशीचा गुडघा दुखतो हे तिने मुलाखतीत सांगितलेलं नसतं, ते तिथे कळतं. बाल्कनीला पुण्यात सगळेच ग्रिल मारतात. त्यात कुलूप लावलेली उघडती खिडकी ठेवा आणि किल्ली तिथेच, मुलांच्या हाताच्या वर, खिळ्याला. आगीसाठी महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्याखाली परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा नीट असल्याचा फॉर्म बी दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. तुमच्या इमारतीचा तो शेवटचा कधी दिला गेला, हे सेक्रेटरींना विचारा. उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात त्यावरून बरंच काही कळेल.

सेक्रेटरींचा विषय निघालाच आहे तर सोसायटीचं बोलू. तुमची इमारत गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट? पुण्यात निम्मे लोक अपार्टमेंटलाही सोसायटीच म्हणतात. संस्था असेल तर उपविधी, म्हणजे संस्थेचे नियम, वाचावे लागतील आणि कमिटीचा लेखी ठराव लागेल. अपार्टमेंट असेल तर 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली केलेलं घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन, काढून वाचा. प्रत्येक गाळ्याचा वापर कशासाठी, हे त्यात लिहिलेलं असतं. 'फक्त निवासी' असं लिहिलेलं असेल तर चेअरमननी तोंडी 'करा हो, काही हरकत नाही' म्हटल्याला काडीची किंमत नाही. चेअरमन बदलतात. शिवाय ज्यांच्या डोक्यावर मुलं धावणार आहेत त्या पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाला स्वतः जाऊन भेटा. तक्रारींची सुरुवात नेहमी तिथूनच होते, मग पार्किंगवरून, मग जिन्यातल्या चपलांवरून.

घरात धंदा सुरू केला की आणखी तीन ठिकाणी हिशेब बदलतो. महापालिकेच्या मिळकतकरात स्वतः राहणाऱ्याला मिळणारी 40 टक्के सवलत जाऊ शकते आणि तेवढ्या भागाची बिगरनिवासी आकारणी होऊ शकते. महावितरणच्या घरगुती जोडणीवर व्यवसाय चालवणं हा 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 प्रमाणे अनधिकृत वापर ठरू शकतो, त्यामुळे जोडणीचा प्रकार आधी बदलून घ्या. आणि मुलांचा स्वयंपाक घरगुती सिलिंडरवर करायचा नाही. मी तर पाळणाघरात ज्योतच नको म्हणते. इंडक्शनवर वरण-भात छान होतो. जागा भाड्याने घेतलीत तर लीव्ह अँड लायसन्स करारात वापर 'पाळणाघर' असा स्पष्ट लिहून नोंदणी करा. 'निवासी' लिहून मुद्रांक वाचत नाही, भांडण वाढतं.

हद्द तपासायला विसरू नका. बाणेर पुणे महापालिकेत, नदीपलीकडचं वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये, तर हिंजवडी-माण दोन्हींच्या बाहेर. 'मैत्रिणीला हे सर्टिफिकेट लागलं नव्हतं' असं म्हणणारी मैत्रीण बहुधा दुसऱ्या हद्दीत असते.

आता माणसं. माझ्या मते या धंद्यात यश-अपयश इथेच ठरतं.

पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. त्याच्या 2020 च्या नियमांत शाळा, क्रीडा अकादमी यांच्याबरोबर पाळणाघरांचा नाव घेऊन उल्लेख आहे: प्रत्येक कर्मचाऱ्याची, तो कायम असो वा कंत्राटी, पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची चौकशी ठरावीक काळाने व्हायला हवी. म्हणजे लायसन्स नसलं तरी ही गोष्ट बंधनकारक आहे. आधार कार्डाची झेरॉक्स म्हणजे पडताळणी नव्हे. चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन करा, पोच फाइलला लावा, प्रमाणपत्र हातात येईपर्यंत ती व्यक्ती मुलांबरोबर एकटी राहणार नाही असं वेळापत्रक लावा. भांडी घासायला येणाऱ्या बाई, व्हॅनचा ड्रायव्हर, शनिवारी तबला शिकवायला येणारे सर, सगळे यात आले. आणि आधीच्या दोन घरांत फोन करा. 'मावशी कशा आहेत' असं विचारू नका, सगळे चांगल्याच असतात. 'त्यांनी काम का सोडलं' आणि 'तुमचं मूल त्यांच्याकडे पुन्हा ठेवाल का' हे विचारा आणि दुसऱ्या प्रश्नानंतर समोरचा किती थांबतो ते ऐका.

लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय आला तरी पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी आपण घरातल्या घरात चौकशी करू, पालकांशी बोलू, मग बघू, हा मार्ग कायद्याने बंद आहे. आपल्या हाताखालच्या माणसाबाबत संस्थेच्या प्रमुखाने कळवलं नाही तर कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे मावशांनाही समजावून सांगा, त्यांच्या भाषेत, दर सहा महिन्यांनी. 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात हवा.

रोजच्या कामात त्याचा अर्थ असा: लंगोट बदलायची जागा कमरेएवढ्या आडोशाची, दार नसलेली. तिथे कॅमेरा नको, पण दुसऱ्या मावशीला उभ्या उभ्या दिसेल अशी. बाकी सगळीकडे कॅमेरे, झोपायच्या खोलीतही. पालकांच्या मोबाइलवर दिवसभर थेट चित्र द्यायच्या मी विरोधात आहे. दुसऱ्याचं उघडं मूल तिसऱ्याच्या ऑफिसच्या डेस्कवर दिसायचं काही कारण नाही. कुणालाही शंका आली तर समोर बसवून रेकॉर्डिंग दाखवायचं, तेही नाही म्हणायचं नाही. प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांना मुलं असताना आत घ्यायचं नाही.

मावशांचा पगार वेळेवर आणि बँकेत द्या. 12 मुलांना 3 मावशा लागत असतील तर एक बदली मावशी गाठीला हवी, कारण गावची जत्रा, गौरी-गणपती आणि शाळेतल्या मुलाचा ताप हे येणारच. ज्या दिवशी एक मावशी कमी असते तो दिवस धोक्याचा. शिक्षणाबाबत मी फार काटेकोर नाही. ताईला बालशिक्षणाचा रीतसर कोर्स हवा. मावशीकडे डिप्लोमा नसला तरी चालतं, पण प्रथमोपचाराचं प्रशिक्षण हवंच. घशात अडकलं तर वर्षाखालच्या बाळाला पालथं घेऊन पाठीवर 5 थापट्या, मग उताणं करून छातीवर 5 दाब, हे तिच्या हातात बसलेलं असायला पाहिजे. बाहुलीवर करून बघितल्याशिवाय ते बसत नाही. 0 ते 3 वयाशी काय खेळायचं यासाठी महिला व बालविकास मंत्रालयाने 2024 मध्ये 'नवचेतना' नावाचा आराखडा काढलाय. वर्कशीटवाल्या महागड्या किटपेक्षा तो कितीतरी बरा आहे.

तान्ह्या मुलांबद्दल दोन गोष्टी जवळून सांगते, कारण या कुठल्याही निकषांत सापडत नाहीत. पहिली, बाळलेणी. नव्या बाळाच्या मनगटात काळ्या मण्यांच्या मनगट्या असतात, कमरेला करगोटा, पायात वाळे. मण्यांचा दोरा लाळेने भिजून भिजून कुजतो आणि एक दिवस तुटतो. मणी रांगणाऱ्या दुसऱ्या मुलाच्या तोंडात जातो. प्रवेशाच्या दिवशीच सांगायचं: गाल-बोट काजळाचं चालेल, मणी घरी. आजी नाराज होतात, त्यांच्याशी आपण बोलायचं, सुनेला पुढे करायचं नाही. दुसरी गोष्ट, पिशवीतली छोटी डबी. 'दुपारी झोपत नसेल तर थोडं जायफळ उगाळून चाटवा हं मावशी.' किंवा बाळगुटी, किंवा मध. जायफळ जास्त झालं तर विषासारखं बाधतं, आणि मध वर्षाखालच्या बाळाला द्यायचाच नसतो. नियम एकच ठेवा: डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, औषधाचं नाव, मात्रा, वेळ आणि पालकांची सही, याशिवाय काहीही बाळाच्या तोंडात जाणार नाही. झोपवताना उताणं, उशी नाही, अंगावर सैल दुपटं नाही, झोळी नाही, आणि मावशी त्या खोलीतच बसलेली, मोबाइलशिवाय.

सकाळी साडेसातला पॅरासिटामॉल पाजून साडेआठला हसतखेळत सोडलेलं मूल बाराला तापाने फणफणतं, हे प्रत्येक पाळणाघरात घडतं. आईला दोष देऊन उपयोग नाही, तिची मीटिंग असते. पण दारातच विचारायचं: काल रात्रीपासून औषध दिलंय का? 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, जुलाब, उलट्या, किंवा हातापायांवर आणि तोंडात फोड असतील तर मूल त्या दिवशी घरी. पावसाळ्यात हात-पाय-तोंड आजाराची लाट आली की एका मुलाला सूट दिल्याने आठवड्यात अर्धा वर्ग रिकामा होतो. लसीकरणाच्या कार्डाची प्रत प्रवेशाबरोबरच घ्या.

पाण्याबाबत पुणेकरांना आता समजवावं लागत नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोड, तिथलंच नांदेड गाव, किरकटवाडी या भागात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं. बाणेर-बालेवाडीत उन्हाळ्यात टँकर येतातच. टाकी कधी धुतली त्याची तारीख लिहून ठेवा, प्यायचं पाणी उकळूनच द्या, नुसत्या फिल्टरवर विसंबू नका. बाटल्या-वाट्या धुवायचं पाणीही तेच. स्वयंपाक तुम्ही करणार असाल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मूळ नोंदणी लागते. छोट्या स्वयंपाकघराला ती अवघड नाही, वर्षाला 100 रुपये शुल्क आहे. खायला मऊ वरण-भात तूप, नाचणीची पेज, मेतकूट-भात, थालीपीठ. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं पाच वर्षांखाली बंद.

पालकांशी करार दोन पानांचा, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. मुलाला कोण घेऊन जाणार त्यांचे फोटो त्यात हवेत. 'आज मामा येतोय' असा नुसता मेसेज आला तर फोन करून खात्री करायची, मामा समोर उभा असला तरी. फोटो ग्रुपवर टाकायला लेखी परवानगी. आणि उशीर. बंद व्हायची वेळ साडेसहा ठेवलीत तर हिंजवडीहून येणाऱ्या आईला पावसात राधा चौकातच सात वाजतात. म्हणून कागदावर साडेसहा, माणसं सव्वासातपर्यंत, आणि त्यापुढे दर 15 मिनिटांना ठरलेला आकार. शुल्क घेणं जिवावर येतं, पण मावशीलाही घरी मूल असतं. पालखीचे दिवस, विसर्जनाचा दिवस आणि जोरदार पावसाने शाळांना सुट्टी दिली तो दिवस, या तीन वेळी तुमचं काय, हे वर्षाच्या सुरुवातीला छापून द्या.

कराचं पटकन सांगते. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. त्यापुढे गेलात तर बालवाडीच्या शिक्षणाला सूट आहे, पण नुसत्या सांभाळण्याचं काय ते सीएंकडून लेखी घ्या. व्यवसाय कराचं तुमचं स्वतःचं वर्षाला 2,500 येतं. महिला कर्मचाऱ्यांना महिना 25,000 पगारापर्यंत व्यवसाय कर माफ आहे, त्यामुळे मावशांच्या पगारातून तो कापायचा प्रश्न येत नाही.

पैशांचं गणित समजण्यापुरतं मांडते, आकडे तुमच्या भागाप्रमाणे बदला. 12 मुलं, प्रत्येकी 9,000 धरले तर महिना 1,08,000. तीन मावशा 15,000 प्रमाणे 45,000, ताई 20,000, स्वयंपाक-सफाई 8,000, वीज, दूध, साबण, खेळणी, विमा मिळून 12,000. खर्च 85,000. उरले 23,000, आणि त्यात जागेचं भाडं नाही, तुमचा पगारही नाही. तुम्ही तुमच्या फ्लॅटला भाडं लावत नाही म्हणूनच हे जमतंय. म्हणून लोक 12 चे 25 करतात आणि माणसं मात्र तेवढीच ठेवतात. तुम्ही फी वाढवा. बाणेरात ज्या घरात दोन पगार येतात त्यांना 3 बाळांमागे एक मावशी म्हणजे काय ते समजावून सांगितलं की पटतं. ज्यांना पटत नाही त्यांना दुसरं पाळणाघर सुचवा. आणि पहिल्या वर्षी दीड वर्षाखालची बाळं घेऊ नका. तो वेगळाच धंदा आहे, माणसं मुरली की मग सुरू करा.

पुढे मोठं व्हायचं असेल तर कंपन्यांकडे बघा. 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय द्यावीच लागते आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यावं लागतं. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, आणि खासगी संस्थेचं सामायिक पाळणाघर वापरायची मुभाही त्यात आहे. कंपनीचा एचआर मात्र फी विचारायच्या आधी पोलीस पडताळणीच्या फाइली, आगीचा फॉर्म आणि विम्याची पॉलिसी मागतो. पहिल्या दिवसापासून ती फाइल नीट ठेवलीत तर तुमचं काम तिथेच निम्मं झालं.

राहिली फ्रँचायझी. ती बोर्ड देते, रंगसंगती देते, महिन्याचं वेळापत्रक देते, आणि त्या बदल्यात सुरुवातीची रक्कम आणि दरमहा उत्पन्नातला वाटा घेते. सोसायटीची परवानगी, पडताळणी, आगीची यंत्रणा, मावशा, यातलं काहीच ती करत नाही. वरच्या 23,000 मधून वाटा दिला तर काय उरतं ते तुम्हीच बघा. तरी घ्यायचीच असेल तर, सही करण्याआधी करारातलं नुकसानभरपाईचं कलम वकिलाला दाखवा. मी पाहिलेल्या जवळपास सगळ्या करारांत मुलाला इजा झाली तर जबाबदारी केंद्रचालकाची, म्हणजे तुमची, असंच छापलेलं होतं.